एक नांव, दोन स्वभाव

घरांतील एखादें जुनें उपकरण बंद पडतें, तें दुरुस्तीला जातें, आंतील एक काळी, अनेक पायांची चिप निकामी झाल्याचें निदान होतें आणि बाजारांतून त्याच क्रमांकाची नवी चिप आणून बसविली जाते. पाय तितकेच, आकार तोच, पाठीवरील अंकही तेच. असें असूनही उपकरण पूर्वीसारखें वागत नाहीं. मोजणीयंत्र एकाचे दोन मोजतें, ध्वनिवर्धक गुणगुणूं लागतो, जिन्यांतील दिव्याचा टाइमर नुसताच कुरकुरतो, किंवा सारें कांहीं दिवसभर सुरळीत चालून रात्रीं गारठा पडतांच बंद होतें. अशा वेळीं कारागीर म्हणतो, माल नकली निघाला. मालक म्हणतो, कारागीर अडाणी निघाला. आणि पुष्कळदां दोघांचेंही म्हणणें चुकीचें असतें. चिप अस्सल असते आणि कारागीरही जाणता असतो. दोघांची फसगत केलेली असते ती त्या चिपच्या नांवानें.

रेडिओंत कांचेचे व्हॉल्व्ह असत, त्या काळीं अडचण नेमकी उलटी होती. अमेरिकेंत ज्या व्हॉल्व्हला १२ एएक्स ७ म्हणत, त्यालाच युरोपांत ईसीसी ८३ असें नांव होतें. वस्तु एक आणि नांवें दोन. तुलनेचें कोष्टक पाहिलें कीं काम भागत असे. चिपच्या बाबतींत नांव एक आणि वस्तु अनेक, असा प्रकार आहे. त्यासाठीं कोष्टक पुरत नाहीं; थोडा विचार करावा लागतो. तो विचार कोणत्या दिशेनें करावा, हाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हें एकनांवीपण कोठून आलें, तें पाहणें जरूर आहे. अर्धवाहकाच्या एकाच तुकड्यावर संपूर्ण परिपथ घडवितां येतो, हें टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनींतील जॅक किल्बी यांनीं सप्टेंबर १९५८ मध्यें दाखवून दिलें. पुढच्याच वर्षीं फेअरचाइल्ड कंपनींतील रॉबर्ट नॉइस यांनीं असा परिपथ सिलिकॉनवर घडविण्याची अधिक व्यवहार्य रीत मांडली. बाजारांत ज्याला आयसी किंवा चिप म्हणतात, तो हा एकात्मिक परिपथ. लवकरच मोठ्या ग्राहकांना एक धास्ती वाटूं लागली. ज्या चिपवर आपलें सारें यंत्र उभें आहे, ती बनविणारा एकमेव कारखाना उद्यां बंद पडला तर काय करावयाचें? म्हणून ते आग्रह धरूं लागले कीं, प्रत्येक महत्त्वाची चिप निदान दोन कारखान्यांत बनलीच पाहिजे. आयबीएम कंपनीचा १९८१ सालचा वैयक्तिक संगणक ज्या ८०८८ चिपवर चालला, ती मूळ इंटेलची. परंतु ग्राहकाच्या याच आग्रहामुळें १९८२ सालच्या करारानें एएमडी ही कंपनीही त्या घराण्याच्या चिप बनवूं लागली. फेअरचाइल्डनें १९६८ मध्यें बाजारांत आणलेली ७४१ ही वर्धक चिप तर पुढें कितीतरी कंपन्यांनीं बनविली आणि प्रत्येकीनें ७४१ हा अंक कायम ठेवला.

दुसरा कारखाना तीच चिप बनवितो, म्हणजे पहिल्याच्या नकाशाची हुबेहूब प्रत काढतोच असें मात्र नाहीं. पुष्कळदां त्याची आंतील रचना वेगळी असते, सिलिकॉनवरील प्रक्रिया वेगळी असते. तो फक्त ठरलेल्या अटी पाळतो. या अटी चिपच्या माहितीपत्रकांत, म्हणजे धंद्यांत ज्याला डेटाशीट म्हणतात त्यांत, छापलेल्या असतात. तेथें आंकड्यांचे सामान्यतः तीन रकाने आढळतात : किमान, सर्वसाधारण आणि कमाल. किमान आणि कमाल या रकान्यांतील आंकडे हें कारखान्याचें वचन असतें. मधल्या रकान्यांतील आंकडा ही केवळ हकीकत असते. बहुतेक नग असे निघतात एवढेंच ती सांगते. शिवाय चिपच्या अंगीं असे किती तरी गुण असतात कीं जे कोणत्याच रकान्यांत नमूद केलेले नसतात.

एखाद्या घरीं वीस वर्षें जुना गडी असावा. बाजार करणें, पाणी भरणें आणि झाडलोट हीं त्याचीं ठरलेलीं कामें. परंतु रोज रात्रीं निजण्यापूर्वीं तो फाटकाची कडीही लावीत असे. तें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें आणि घरांतील कोणाच्या तें लक्षांतही आलें नव्हतें. गडी गेला, नवा आला, त्यानें ठरलेलीं सर्व कामें चोख केलीं; आणि आठवड्यांत घरांत चोर शिरला. येथें नव्या गड्याला दोष देतां येत नाहीं, जुन्यालाही देतां येत नाहीं. घर एका अलिखित सवयीवर विसंबून होतें आणि घरालाच त्याचा पत्ता नव्हता. बदललेली चिप जेव्हां विचित्र वागते, तेव्हां बहुतेक वेळां असेंच कांहीं तरी घडलेलें असतें. म्हणून नवी चिप वाईट कशी, हा प्रश्न मागाहून विचारावा. जुन्या चिपच्या कोणत्या सवयीवर हा परिपथ उभा होता, हा प्रश्न आधीं विचारावा.

याचें पहिलें उदाहरण ५५५ या टाइमरचें. हॅन्स कॅमेंझिंड यांनीं सिग्नेटिक्स या कंपनीसाठीं ही आठ पायांची चिप १९७१ मध्यें आखली आणि १९७२ मध्यें ती विक्रीस आली. ठरलेला काळ मोजणें किंवा ठरलेल्या गतीनें स्पंदनें देणें हें तिचें काम. मूळ चिप द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर जातीच्या ट्रान्झिस्टरांची असून एनई ५५५ या नांवानें ती ओळखली जाते. पुढें सीमॉस नांवाच्या, अत्यल्प प्रवाहावर चालणाऱ्या जातीवर तिच्या आवृत्त्या निघाल्या. टीएलसी ५५५ आणि आयसीएम ७५५५ या त्यांपैकीं दोन. पायांचा क्रम तोच आणि काळ मोजण्याचें गणितही तेंच. ५ व्होल्टांवर एनई ५५५ स्वतःच्या पोटासाठीं साधारण ३ मिलिअँपिअर प्रवाह घेते, तर टीएलसी ५५५ ला ०.१७ मिलिअँपिअर पुरतो. वरवर पाहतां नवी चिप सर्वच बाबतींत सरस दिसते.

आतां जिन्यांतील दिव्याचा एखादा टाइमर घ्यावा. त्यांत चिपच्या प्रदानाच्या पायावर, म्हणजे संदेश बाहेर देणाऱ्या पायावर, एक रिले थेट जोडलेला आहे. १२ व्होल्टांच्या आणि ४०० ओहम वेटोळ्याच्या रिलेला ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. एनई ५५५ चा हा पाय २०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देऊंही शकतो आणि घेऊंही शकतो. टीएलसी ५५५ चा पाय १०० मिलिअँपिअर घेऊं शकतो, पण देण्याची त्याची मर्यादा अवघी १० मिलिअँपिअर आहे. रिले जर त्या पायाच्या आणि ऋण बाजूच्या मध्यें जोडला असेल, तर चिपला प्रवाह द्यावा लागतो. रिले कुरकुरतो, ओढला मात्र जात नाहीं. तोच रिले धन बाजूच्या आणि त्या पायाच्या मध्यें जोडला असेल, तर चिपला प्रवाह फक्त घ्यावयाचा असतो आणि सर्व कांहीं निर्वेध चालतें. परिणाम असा कीं, एकाच दुकानांतून आणलेल्या दोन सारख्या चिपांपैकीं एक एका घरीं उत्तम चालते आणि दुसरी शेजारच्या घरीं नापास होते. यांत गूढ कांहीं नाहीं. दुसऱ्या घरीं चिप आणि रिले यांच्यामध्यें एक लहानसा ट्रान्झिस्टर घातला कीं प्रश्न सुटतो.

उलट दिशेनें बदल केला तर वेगळाच त्रास होतो. एनई ५५५ चें प्रदान एका अवस्थेंतून दुसरींत जातें, त्या निमिषांत तिचे वरचे आणि खालचे असे दोन्ही ट्रान्झिस्टर क्षणभर एकदम वाहूं लागतात आणि ३०० ते ४०० मिलिअँपिअरचा एक हिसका पुरवठ्याच्या तारेला बसतो. आयसीएम ७५५५ चा हिसका २ ते ३ मिलिअँपिअरहून अधिक नसतो. जो परिपथ मुळांत सौम्य चिप गृहीत धरून आखला आहे, त्यांत ती न मिळाल्यामुळें एनई ५५५ बसविली, तर टाइमर बरोबर चालतो, पण शेजारची मोजणी करणारी चिप त्या हिसक्यालाच संदेश समजून एकाचे दोन मोजूं लागते. दोष एकीचा आणि बोभाटा दुसरीचा! अशा वेळीं मोजणीची चिप बदलून कांहींच साधत नाहीं. टाइमरच्या ८ आणि १ या पायांना अगदीं लगटून ०.१ मायक्रोफॅरडचें एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, आणि त्याच्या जोडीला एक मोठें धारित्र लावलें, कीं बहुधा मोजणी ताळ्यावर येते.

दुसरें उदाहरण तर्काच्या चिपांचें आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनें १९६० नंतरच्या दशकांत ७४ या अंकानें सुरू होणारें एक मोठें कुटुंब बाजारांत आणलें. त्याच्याच पुढच्या पिढ्या म्हणजे ७४ एलएस, ७४ एचसी, ७४ एचसीटी वगैरे. ७४ एलएस ०० आणि ७४ एचसी ०० या दोन चिपांत तर्काचीं तींच चार द्वारें असतात आणि पायही त्याच क्रमानें लावलेले असतात. दुकानदार एकीच्या जागीं दुसरी हातावर ठेवतो तेव्हां तो खोटें बोलत नसतो. परंतु होय म्हणजे किती व्होल्ट, याविषयीं या दोन पिढ्यांचें एकमत नाहीं. एलएस चिप होय म्हणतांना निदान २.७ व्होल्ट देईन, असें वचन देते. ५ व्होल्टांवर चालणारी एचसी चिप मात्र ३.५ व्होल्टांच्या खालचें होय ऐकण्यास बांधलेली नाहीं. दोन वचनांच्या मध्यें ०.८ व्होल्टांची दरी आहे. तरीही मेजावर यंत्र चालू होतें. कारण एलएसचा सर्वसाधारण होय ३.४ व्होल्टांच्या आसपास असतो आणि एचसीचा कान प्रत्यक्षांत अडीच व्होल्टांच्या सुमारासच उघडतो. म्हणजे यंत्र चालतें तें मधल्या रकान्याच्या कृपेवर. ऋतु बदलला, पुरवठ्याचा दाब किंचित् हलला किंवा त्याच चिपच्या गळ्यांत आणखी चार चिपांचें ओझें पडलें, कीं ही कृपा संपते. यावर उपाय म्हणून एचसीटी ही शाखा निघाली. तिचा कान २ व्होल्टांना होय मानतो. एका ‘टी’ अक्षराचें हें महत्त्व आहे.

याच कुटुंबांत फाटकाच्या कडीचा प्रसंगही घडतो. आदानाचा, म्हणजे संदेश आंत घेणारा, एखादा पाय वापरावयाचा नसेल तर तो धन किंवा ऋण बाजूला बांधून टाकावा असा शिरस्ता आहे. परंतु कित्येक जुन्या पाट्यांवर तो तसाच मोकळा सोडलेला सांपडतो. एलएस चिप अशा मोकळ्या पायाला आपण होऊन होय समजते आणि आखणाऱ्याचा आळस वर्षानुवर्षें झांकला जातो. एचसी चिपच्या आदानांत प्रवाह जवळजवळ शिरतच नाहीं. म्हणून तिचा मोकळा पाय वाऱ्यावर सोडलेल्या पतंगासारखा कोठेंही भटकतो. घरांतील विजेची ५० हर्ट्झची गुणगुण, शेजारच्या तारेंतील संदेश, फार काय, माणसाचा जवळ आलेला हातही त्याला हलवितो. पाटीजवळ बोट नेतांच यंत्र सुधारतें किंवा बिघडतें, असें जेथें दिसेल तेथें आधीं मोकळा पाय शोधावा. नाचतां येईना अंगण वांकडें, अशी नव्या चिपची संभावना करण्यापूर्वीं अंगण खरोखरच वांकडें नाहीं ना, हें पाहण्यासारखें असतें.

तिसरा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. येथें बदललेली चिप मूळ चिपहून गुणानें चांगली असते आणि त्या चांगुलपणामुळेंच घोटाळा होतो. ५ व्होल्टांचा स्थिर दाब देणारी ७८०५ ही चिप घरोघरच्या उपकरणांत आढळते. तिला आंत येणारा दाब बाहेर जाणाऱ्या दाबापेक्षां सुमारें २ व्होल्टांनीं अधिक लागतो. एलएम २९४० या चिपला तेथें अर्धा व्होल्ट पुरतो. तीन पायांचा क्रम दोहींचा सारखाच आहे. तेव्हां बदल करण्याचा मोह सहज होतो. परंतु या काटकसरी चिपची आंतील रचना निराळी आहे आणि ती एक अट घालते : बाहेरच्या बाजूला निदान २२ मायक्रोफॅरडचें धारित्र हवें आणि त्याचा आंतील रोधही ठरलेल्या मर्यादेंत हवा. ७८०५ चें अवघ्या ०.१ मायक्रोफॅरडवर भागत असे. त्याच जागीं एलएम २९४० बसविली तर तिचा दाब स्थिर राहण्याऐवजीं सेकंदाला हजारों वेळां थरथरूं लागतो. साधा मीटर ही थरथर दाखवीत नाहीं. तो सरासरी काढून निमूटपणें ५ व्होल्ट सांगतो. ज्याच्याजवळ ऑसिलोस्कोप आहे, त्यालाच खरा प्रकार दिसतो.

ध्वनीच्या कामासाठीं नांवाजलेल्या एनई ५५३४ या वर्धक चिपचीही तीच गोष्ट. ती ७४१ पेक्षां कितीतरी चपळ आहे, परंतु तिपटीहून कमी वर्धनाच्या जागीं ती आपण होऊन स्थिर राहत नाहीं. तेथें ५ आणि ८ या पायांमध्यें एक छोटें धारित्र बसवावें लागतें, नाहीं तर ती स्वतःच सूर धरते. उलट, मॅक्स २३२ या चिपच्या बाबतींत सारा फरक शेवटच्या एका अक्षरांत आहे. संगणकाच्या जुन्या सीरियल जोडणीसाठीं ५ व्होल्टांतून धन आणि ऋण असे मोठे दाब तयार करणारी ही चिप चार धारित्रांत वीज भरून तें काम करते. मॅक्स २३२ ला तीं धारित्रें १ मायक्रोफॅरडचीं लागतात. मॅक्स २३२ ए ला ०.१ मायक्रोफॅरडचीं पुरतात. मोठ्या धारित्रांच्या पाटीवर ए ची चिप खुशाल चालते. लहान धारित्रांच्या पाटीवर ए विरहित चिप बसविली, तर ओझें पडतांच दाब खचतो. हातभर तारेवर संदेश जातो आणि लांब तारेवर अडखळतो. बदल एका दिशेनें निर्धोक असला म्हणजे तो उलट दिशेनेंही निर्धोक असतो, असें मुळींच नाहीं.

मूळ चिपच्या दोषावरच कला उभी राहिल्याचें उदाहरणही नोंदण्यासारखें आहे. कॉमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ मध्यें बाजारांत आला. त्यांतील आवाजाची चिप बॉब यानेस यांनीं आखली होती. तिचा क्रमांक ६५८१. आवाजाची पातळी ठरविण्यासाठीं तींत १६ पायऱ्या होत्या आणि पायरी बदलतांना बारीकसा टक् असा आवाज येत असे. वास्तविक हा दोषच. चिपच्या प्रदानावर जो स्थिर दाब उगाच शिल्लक राहत असे, त्याचा तो परिणाम होता. परंतु चतुर प्रोग्रॅमकारांनीं पायऱ्या अतिशय वेगानें बदलून त्या टकटकींतूनच मनुष्याचें बोलणें आणि तबकडीसारखें वादन काढलें. पुढें ८५८० ही सुधारलेली चिप आली. तिच्यांत तो शिल्लक दाब जवळजवळ नाहींसा झाला आणि दोषाबरोबर बोलणेंही गेलें! जुने खेळ नव्या चिपवर मुके झाले. हौशी मंडळींनीं मग बाहेरचा ध्वनि घेणाऱ्या पायाला एक रोध जोडून तो दोष मुद्दाम परत आणला. या दोन चिपांचा पुरवठाही वेगळा आहे. ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात आणि ८५८० ला ९. पाय जुळतात म्हणून नवी चिप जुन्या पाटीवर तशीच दाबली, तर ती प्राणास मुकण्याचा संभव असतो.

याचा अर्थ बाजारांत नकली माल नसतो, असा नव्हे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्यांतील पासोड्या विठोबाजवळचा बाजार असो किंवा परदेशांतील मोठी पेढी असो, जेथें जुन्या आणि दुर्मिळ चिपांना मागणी आहे, तेथें नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असा अनुभव येऊं शकतो. भंगारांतील पाट्यांवरून चिप उपटावयाच्या, त्यांची पाठ घांसावयाची, वर काळा लेप देऊन नवा क्रमांक छापावयाचा, ही नकली मालाची नेहमींची तऱ्हा. अमेरिकन सेनेटच्या सैन्यविषयक समितीच्या २०१२ सालच्या अहवालांत संरक्षणसामग्रींत शिरलेल्या अशा संशयित मालाचीं सुमारें १,८०० प्रकरणें नमूद झालीं आणि त्यांतील नगांची एकूण संख्या दहा लाखांहून अधिक भरली. जेथें सैन्याची ही गत, तेथें गल्लींतील दुकानदाराला एकट्याला कां दोष द्यावा?

नकली माल ओळखण्यास कांहीं खुणा आहेत. ॲसिटोनच्या बोळ्यानें पाठीवरील लेप सुटतो. पहिल्या पायाजवळची वाटोळी खांच बुजलेली किंवा अर्धवट भरलेली दिसते. नव्या म्हणून विकलेल्या चिपच्या पायांवर जुन्या डाकाचे अंश आढळतात. तारखेचे अंकही बोलके असतात. बहुधा ते चार असतात : पहिले दोन सालाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. ८४३२ म्हणजे १९८४ सालचा बत्तिसावा आठवडा. जी चिप १९८७ मध्यें जन्मास आली, तिच्या पाठीवर ८४३२ असेल तर अधिक चौकशीची गरजच नाहीं. मात्र हे अंक वाचतांना सावध असावें. ७४३२ हा १९७४ सालचा बत्तिसावा आठवडाही असूं शकतो आणि एका तर्कद्वाराच्या चिपचा क्रमांकही असूं शकतो. नकली म्हणून निकाल देणें हें तपासाचें शेवटचें पाऊल असावें, पहिलें नव्हे; कारण तो निकाल एकदां दिला कीं पुढचा तपास थांबतो.

मग तपास कोणत्या क्रमानें करावा? पहिली गोष्ट, काढलेली चिप फेंकून देऊं नये. तिचा संपूर्ण क्रमांक, पुढचीं आणि मागचीं अक्षरें, कंपनीची खूण आणि तारखेचे अंक लिहून ठेवावे. शक्य असेल तर तिला सॉकेटमध्यें परत बसवून पाहावें. पुष्कळदां असें दिसून येतें कीं, जुनी चिप निकामी नव्हतीच, पाय गंजून सॉकेटशीं तिचा संबंध तुटला होता. जुनी आणि नवी या दोन्ही चिप सारख्याच चुकत असतील, तर रोग चिपमध्यें नाहीं, शेजारीं आहे.

दुसरी गोष्ट, पुरवठ्याचा दाब मोजावा, आणि तो पुरवठ्याच्या टोकाशीं न मोजतां चिपच्या स्वतःच्या पायांवर मोजावा. जुन्या उपकरणांतील इलेक्ट्रोलिटिक धारित्रें वाळून निकामी होतात. ज्या अशुद्ध पुरवठ्यानें पहिल्या चिपचा बळी घेतला, तोच दुसरीलाही छळत असतो.

तिसरी गोष्ट, दोन्ही चिपांचीं माहितीपत्रकें शेजारींशेजारीं ठेवून ओळीनें वाचावीं. चिप काय करते, हा भाग बहुधा सारखाच असतो. तो सोडून द्यावा. प्रदानाचा पाय किती प्रवाह देतो आणि किती घेतो, आदानाला किती व्होल्ट लागतात, बाहेर कोणतें धारित्र सांगितलें आहे, दाबाची कमाल मर्यादा किती, या चार ओळींवर बोट ठेवावें. वर सांगितलेल्या बहुतेक प्रकरणांचें मूळ याच चार ओळींत सांपडतें.

चौथी गोष्ट, एका वेळीं एकच बदल करावा. चिप, धारित्र आणि रोध एकदम बदलून यंत्र चालू झालें, तर कशानें चालू झालें हें कधींच कळत नाहीं. आणि पांचवी गोष्ट, यंत्र मेजावर पांच मिनिटें चाललें म्हणजे परीक्षा संपली असें समजूं नये. केस वाळविण्याच्या यंत्राची कोमट झुळूक त्यावर सोडावी, पुरवठ्याचा दाब मर्यादेच्या आंत थोडा खालींवर करून पाहावा आणि यंत्राला त्याचें रोजचें पूर्ण ओझें लावावें. मधल्या रकान्याच्या कृपेवर चालणारें यंत्र या परीक्षेंत लगेच उघडें पडतें.

एवढी यातायात कशासाठीं, नवें उपकरण कां घेऊं नये, असा प्रश्न कोणी करील. घरांतील रेडिओपुरतें तें उत्तर कदाचित् चालेल. परंतु कारखान्यांतील यंत्रें, प्रयोगशाळांतील मोजमापाचीं साधनें आणि रुग्णालयांतील उपकरणें वीस वीस, तीस तीस वर्षें कामांत असतात, आणि त्यांच्या पोटांतील चिप बनविणें कारखान्यांनीं केव्हांच थांबविलेलें असतें. त्यांना बदली चिप शोधावीच लागते. तेथें यंत्र अजिबात चालूं न होणें हा मोठा धोका नव्हे. बंद यंत्रावर कोणी भरंवसा ठेवीत नाहीं. धोका आहे तो यंत्र बहुतेक वेळां बरोबर चालण्याचा. रोग्याच्या शिरेंत ठेंब ठेंब औषध सोडणारें यंत्र दिवसा ठेंब नीट मोजतें आणि रात्रीं एखादा चुकतें, तर त्याची किंमत ज्याला मोजावी लागते, त्याला चिपचें नांवही ठाऊक नसतें.

म्हणून दुरुस्तीच्या धंद्यांत चालू झालेलें आणि दुरुस्त झालेलें हे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. यंत्र चालू झालें हें डोळ्यांना दिसतें. तें कां बिघडलें होतें आणि आतां कोणत्या वचनावर चालत आहे, हें ज्याला सांगतां येईल, त्यानेंच तें दुरुस्त झालें असें म्हणावें. आणि शेवटीं चार आण्यांचेंही मोल नसलेलें एक काम करावें : कोणती चिप काढली, कोणती घातली, बरोबर आणखी काय बदललें आणि कोणत्या तारखेस, एवढें एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या आंतल्या बाजूस चिकटवावी. दहा वर्षांनीं तें झांकण जो दुसरा कोणी उघडील, त्याला तरी फाटकाची कडी कोण लावीत होतें, हें विचारीत बसावें लागूं नये.